कल्पना संपल्या म्हणून नाही
'नवं काही सुचेनासं झालं की स्टुडिओ जुन्या गेम विकत घेतात' हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. बेथेस्डा या गेम स्टुडिओचंच बघा. त्यांची स्वतःची 'एल्डर स्क्रोल्स' ही गेम-मालिका जोरात चालली होती. तरी त्यांनी पैशांच्या अडचणीत सापडलेल्या इंटरप्ले या कंपनीकडून आधी 'फॉलआउट ३' बनवायचे हक्क घेतले आणि २००७ मध्ये ५७.५ लाख डॉलरला अख्खी 'फॉलआउट' गेम-मालिकाच. हाती आलं ते तयार जग: अणुयुद्धानंतरची अमेरिका, जमिनीखालचे व्हॉल्ट म्हणजे आसरे, मनगटावरचा छोटा संगणक पिप-बॉय. शिवाय वर्षानुवर्षं वाट बघणारे चाहते! १९९७ च्या मूळ गेममधली हात-पाय-डोके निवडून नेम धरायची पद्धतही त्यांनी 'फॉलआउट ३'मधल्या व्हॅट्स या वेळ थांबवून नेम धरायच्या सोयीत जपली. डोळ्यांवरचा नेम मात्र काढून टाकला, याची मला अजून हळहळ वाटते.