‘नुसता कॉम्प्युटर जोडायचे पैसे घेतले’ या अभिप्रायाला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. नुसता कॉम्प्युटर जोडायचे पैसे घेतले, गाडी रात्रभर ठेवून घेतली, मीटरवर किलोमीटर वाढले, तुम्ही आणलेला ऑइलचा डबा न उघडताच परत दिला आणि एवढं करून सकाळी गिअर पडताना झटका बसतोच, असं तुमचं म्हणणं.

आधी डब्याचं बोलतो, कारण खरं नुकसान तिथं झालं असतं. तो डबा सीव्हीटी जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा होता आणि तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टर जातीची. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ‘ऑटोमॅटिकचं ऑइल’च! पण सीव्हीटीत पुलीवर पोलादी पट्टा चालतो, तुमच्या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा आहेत, दोन्हींची ऑइलं वेगळी. शिवाय तुमचं आतलं ऑइल लालसर होतं, जळका वास नव्हता. काळं पडलं असतं तर बदला म्हणून मीच मागं लागलो असतो. डब्याचं सील शाबूत आहे, दुकानात परत करून बघा.

आता कॉम्प्युटर. तुमची गाडी तिसऱ्यातच अडकत होती, सिग्नलवरून उठतानासुद्धा. याला लोक गिअरबॉक्स जाम झाला म्हणतात. तसं नसतं. बिघाड दिसला की गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला त्याचा छोटा कॉम्प्युटर, स्वतःच एक गिअर धरून ठेवतं, आतलं आणखी बिघडू नये आणि गाडी कशीबशी घरी पोचावी म्हणून. साध्या स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर, पी०७०० एवढाच बिघाडाचा कोड येतो. गिअरबॉक्सच्या युनिटची काहीतरी तक्रार आहे, इतकंच त्यातून कळतं. त्या युनिटमध्ये शिरल्यावर पी०७२० सापडला, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरचं (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. सर्किट म्हटलं की वायरिंग आणि कनेक्टरही आलेच, त्यामुळे लगेच सेन्सर बदलून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. त्यात गार गाडीत रीडिंग अगदी व्यवस्थित! म्हणून तुम्हाला फोन करून, स्कॅनर जोडूनच गाडी तुळजापूरच्या घाटापर्यंत नेली. जाऊन-येऊन ९० किलोमीटरच्या आसपास होतात, ते मीटरवर दिसणारच. घाटात गिअरबॉक्स तापला आणि चाकं फिरत असताना स्क्रीनवर आउटपुट स्पीड शून्य झाला. वायरिंग, कनेक्टर मल्टीमीटर लावून तपासले, ते ठीक निघाले. मगच सेन्सर बदलला.

रात्रभर ठेवायचं कारण सांगतो. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, नाही. ऑइलची पातळी कंपनीनं दिलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून बघावी लागते. घाटातून आलेला गिअरबॉक्स सोलापूरच्या एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत कुठला गार होतोय!

तपासणीची फी मात्र परत देणार नाही. आमच्या माणसाचा अख्खा दिवस त्यात गेलाय.

झटक्याबद्दल: कामानंतर युनिटची जुनी नोंद पुसली आहे. गिअर कधी, किती दाबानं टाकायचा हे ते गाडी चालेल तसं पुन्हा शिकतं, त्यामुळे सुरुवातीला हलका झटका जाणवू शकतो. तरीही राहिला तर गाडी आणा, फेरतपासणीचे पैसे घेणार नाही. फक्त आदल्या संध्याकाळी आणून लावा. सकाळी गावातून चालवत आणलीत तर गाडी तापलेली येईल आणि झटका आम्हाला दिसणारच नाही.