ब्राउझर उघडला की स्क्रीनभरच उघडायला हवा, बास

आज सकाळपासून डोकं फिरलंय, आणि कारण ऐकून काहीजण म्हणतील एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

आत्याचा फोन आला होता. मिरजेला असते, काका गेल्यापासून एकटीच. जन्मभर झेडपीच्या शाळेत गणित शिकवलं तिनं. लाईटबिल ऑनलाइन भरायला बसली होती. मी इकडे माझ्या लॅपटॉपवर तीच साइट उघडून तिला सांगतेय, आत्या, वरती उजवीकडे लॉगिन लिहिलंय बघ. ती म्हणते, नाहीये. मी म्हणते, अगं आहे, माझ्यासमोर दिसतंय. "नाही गं बाई, इथं नुसत्या तीन आडव्या रेघा आहेत." असं आमचं बराच वेळ चाललं, दोघींचाही आवाज चढला. शेवटी म्हटलं स्क्रीनचा फोटो काढ आणि व्हॉट्सॅपवर पाठव.

फोटो बघितला आणि पोटात कालवलं. चांगली १५ इंची स्क्रीन, त्यावर गणपतीचा वॉलपेपर, रिसायकल बिन, कुठल्याकुठल्या फायली, आणि मधोमध ब्राउझरची एवढीशी उभी पट्टी. खिडकी इतकी अरुंद झाली की आजकालच्या साइट मोबाइलवरचं रूप दाखवतात, सगळा मेनू गुंडाळून त्या तीन रेघांमध्ये जातो. लॉगिन तिथे आत होतं. मी उजवीकडे बघ उजवीकडे बघ म्हणून ओरडत होते आणि तिच्याकडे ती उजवी बाजूच नव्हती.

विचारलं, कधीपासून असं आहे? तर म्हणाली, "असंच उघडतंय की. मला वाटलं माझ्या कम्प्युटरवर एवढंच येतं."

इतके दिवस ही बाई चष्मा नाकावर सरकवून, मान पुढे काढून त्या पट्टीत पेपर वाचत होती, नातवाचे फोटो बघत होती. मागे सगळी स्क्रीन रिकामी.

आता मला सांगा, ब्राउझर पहिल्यांदा उघडताना पूर्ण मोठा उघडायला कुणाचं काय जातं? ज्याला छोटी खिडकी हवी असते त्याला ती छोटी कशी करायची हे माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याला मोठीच हवी असते. म्हणजे डीफॉल्ट, आपण काही न बदलता जे आपोआप होतं ते, कुणासाठी ठेवायचं? ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी ना? हे तुम्हाला मला वेगळं सांगावं लागत नाही, आपण घरात औषधाचा डबासुद्धा आजीचा हात पोचेल असा ठेवतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. फॉन्ट साइझ आहे, पेज झूम आहे, थीम आहे, चालू झाल्यावर कुठली पानं उघडायची ते आहे. खिडकी पूर्ण मोठी उघडू दे असा एक साधा टिकमार्क नाही. क्रोम काय करतो, तर मागच्या वेळी खिडकी कशी होती ते लक्षात ठेवतो आणि तशीच उघडतो. फायरफॉक्सचंही तेच. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचंही तेच होतं, शेवटी बंद केलेली खिडकी छोटी असेल तर पुढची छोटी. कागदावर हे फार शहाणपणाचं वाटतं, वापरणाऱ्याची आवड लक्षात ठेवली म्हणे. आवड? टचपॅडवर बोट दोनदा पडलं, चुकून वरची पट्टी ओढली गेली, ही आवड झाली का? एकदा झालेला अपघात तो इमानदारीत जपून ठेवतो आणि रोज सकाळी परत समोर आणतो.

आत्याचं तसंच झालं. नव्या लॅपटॉपवर खिडकी मोठी करायचा जो चौकोन वरती फुलीशेजारी असतो, त्यावर नुसता बाण नेला तरी छोट्या छोट्या खणांचं एक चित्र उघडतं, खिडकी अर्धी करायची का पाव करायची विचारायला. तिनं त्यातलाच कुठलातरी खण दाबला. खिडकी एका कडेला जाऊन चिकटली. मग घाबरून ओढाताण केली, बंद केली, आणि तेव्हापासून ती खिडकी परत मोठी म्हणून झालीच नाही. आता त्या चौकोनाकडे बाण न्यायचीच तिला भीती वाटते. मग शेजारच्या मुलानं सांगितलं एफ ११ दाबा. दाबलं तर पत्त्याची पट्टी गायब, टॅब गायब, बंद करायची फुलीसुद्धा गायब. तिनं सरळ बटण दाबून लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस हात लावला नाही. त्या मुलाचा दोष नाही, त्याला फुलस्क्रीन (सगळ्या पट्ट्या झाकून) आणि मॅक्सिमाइज (पट्ट्या ठेवून खिडकी मोठी) यातला फरक कुणी सांगितलाय?

तो चौकोन तरी बघा. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, तो फुलीच्या शेजारी बसलाय. वर अक्षर नाही काही नाही. वरच्या पट्टीवर डबल क्लिक केलं की खिडकी मोठी होते हे आपल्याला माहीत आहे, पण आता ब्राउझरची वरची पट्टी टॅबनीच भरलेली असते, आठदहा टॅब उघडे असले की डबल क्लिक करायला मोकळी जागा बोटभर उरते.

आणि मुळात हे खिडक्यांचं प्रकरण कुठून आलं? टेबलावर कागद एकावर एक पसरलेले असतात तसं स्क्रीनवर दिसावं, ही कल्पना. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये तर खिडक्या एकमेकींवर यायच्यासुद्धा नाहीत, शेजारी शेजारी लागायच्या. एकावर एक यायला लागल्या त्या १९८७ च्या विंडोज २ मध्ये, मिनिमाइज मॅक्सिमाइज हे शब्दही त्यातच आले. तेव्हा ब्राउझर नावाची वस्तूच नव्हती! आज आपल्या घरातली मोठी माणसं कम्प्युटरवर काय करतात? ब्राउझर. बिल ब्राउझरमध्ये, बँक ब्राउझरमध्ये, रेल्वेचं तिकीट ब्राउझरमध्ये. टेबलावर एकच कागद आहे हो, तो तरी पूर्ण उलगडून ठेवा की.

मोबाइलवर कधी असं होतं का? ॲप दाबलं, ॲप स्क्रीनभर आलं. आत्या मोबाइल पटापट वापरते, मला गुड मॉर्निंग पाठवते, व्हिडिओ कॉल लावते, देवस्थानची आरती लाइव्ह बघते. तीच बाई लॅपटॉपसमोर बसली की चाचपडते.

मान्य आहे, २७ इंची मॉनिटर असेल तर पूर्ण मोठ्या खिडकीत ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि वाचता वाचता ओळ चुकते. छापखान्यातली माणसंही ओळ साधारण साठसत्तर अक्षरांच्या पुढे जाऊ देत नाहीत. ठीक. पण २७ इंची मॉनिटर घेणाऱ्याला खिडकी लहान करता येते. टॉर नावाचा ओळख लपवणारा ब्राउझर मुद्दाम मोठा उघडत नाही हेही मान्य, कारण खिडकीचं माप साइटला कळतं आणि त्यावरून माणूस ओळखायला मदत होते, म्हणून तो सगळ्यांना ठरावीक मापाचीच खिडकी देतो. त्यांचं कारण खरं आहे, लपून वावरावं लागणाऱ्यांसाठी आहे ते. आत्याला लाईटबिल भरताना कुणापासून लपायचंय?

आणि हे करता येत नाही असंही नाही, हीच तर चीड आहे. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप आहे, त्यात खिडकी जवळजवळ स्क्रीनएवढी असेल तर ती आपोआप मॅक्सिमाइज होते, करणाऱ्यांनी विचार करून केलंय. फायरफॉक्सला २०१९ पासून किऑस्क मोड आहे, दुकानात, प्रदर्शनात लावलेल्या स्क्रीनवर सगळं झाकून एकच पान दाखवायला. म्हणजे दुकानदाराच्या स्क्रीनची सोय सुचते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सुचत नाही.

हे सगळं एकवेळ सोडून दिलं असतं. पण फोन ठेवताना आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, माझंच डोकं चालेना आता." जिनं अख्ख्या गावाला अपूर्णांक शिकवले, जिच्या हाताखालून गेलेली पोरं आज इंजिनिअर आहेत, तिनं हे म्हणायचं? तिचं डोकं व्यवस्थित चालतंय. तीन रेघा दिसतात म्हणाली, तीनच रेघा होत्या. जे समोर होतं ते तिनं अचूक सांगितलं. अशी किती माणसं असतील घराघरात, जी गप्प बसून स्वतःलाच दोष देतायत आणि पोरांना परत विचारायला संकोचतायत. रागावू नका हो त्यांच्यावर. आधी स्क्रीनचा फोटो मागा.

फोनवरून करता येईल असं एकच आहे, विंडोजचं बटण दाबून धरून वर जाणारा बाण दाबायचा. खिडकी मोठी होते. एकदा मोठी झाली की ती तशी असतानाच फुलीनं बंद करायची, म्हणजे पुढच्या वेळी तशीच उघडते. आत्याकडून हे करून घेतलं. "अय्या, केवढं आहे गं हे!" असं म्हणाली, लॉगिन सापडलं, बिल भरलं.

पण पुन्हा कुठेतरी बोट पडलं की परत पट्टी होणारच. थोडं पक्कं हवं असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे टार्गेट म्हणून लांबलचक ओळ असते. तिच्या अगदी शेवटी, अवतरणचिन्ह संपल्यावर, एक स्पेस द्यायची, मग दोन डॅश आणि त्याला चिकटून स्टार्ट डॅश मॅक्सिमाइज्ड, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, सगळी अक्षरं छोटी, असं: --start-maximized विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरलाही हेच चालतं. त्याच खिडकीत खाली 'रन' समोर मॅक्सिमाइज्ड निवडायची सोय आहे, पण ब्राउझर तिला दरवेळी जुमानतोच असं नाही. आणि हे त्या एका चिन्हावरून उघडलं तरच चालतं, मेलमधली लिंक दाबून ब्राउझर उघडला तर नाही. म्हणून मी म्हणतेय की हे मुळात त्यांनीच करून द्यायला हवं.

ते करतील तेव्हा करतील. तोपर्यंत आईवडिलांसाठी नवा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडूनच हे करून घ्या. अँटीव्हायरस टाकून देतो, मराठी फॉन्ट टाकून देतो, तर शॉर्टकटमध्ये हे दोन शब्द टाकायला त्याला मिनिट लागणार नाही. समोर उभं राहून एकदा बंद करून परत उघडायला लावा, स्क्रीनभर आला की मगच पैसे द्या.