गुरू गोविंदसिंग, नांदेड आणि औरंगजेब: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गुरू गोविंदसिंग यांची जयंती जवळ आली की मराठी व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: शिखांचे दहावे गुरू मराठ्यांशी हातमिळवणी करण्यासाठी दक्षिणेत आले, ‘जफरनामा’ हे गुरूंचे पत्र वाचून चवताळलेल्या औरंगजेबाने नांदेडला मारेकरी पाठवून त्यांची हत्या केली, देह ठेवताना त्यांनी आपले शिष्य बंदा बहादूर यांना आपल्यामागे गुरू नेमले, नांदेडचे त्यांचे स्मारक निजामाने बांधले, आणि खरी जयंती ५ जानेवारीला असताना तिची तारीख दरवर्षी मुद्दाम बदलली जाते. संदेश लिहिणाऱ्याच्या मनात गुरूंविषयी आदर आहे, हे उघड आहे. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक विधान एक तर चुकीचे आहे किंवा अर्धवट आहे.

मारेकरी औरंगजेबाने पाठवले, हे विधान कालगणनेच्या पहिल्याच कसोटीवर कोसळते. औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगार येथील छावणीत ३ मार्च १७०७ रोजी मरण पावला आणि खुलताबादला त्याचे दफन झाले. गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान नांदेडला ऑक्टोबर १७०८ मध्ये झाले. या दोन घटनांमध्ये दीड वर्षाहून अधिक अंतर आहे आणि तेवढ्या काळात दिल्लीच्या तख्तासाठी भावाभावांत एक युद्ध होऊन नवा बादशहा गादीवर आलेला होता. मेलेल्या बादशहाचा हुकूम इतक्या उशिराने बजावला गेला, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

‘जफरनामा’ वाचून बादशहा चवताळला, ही जोडही टिकत नाही. गुरूंचे पंजाबातले ठाणे असलेल्या आनंदपूरचा वेढा उठताना कुराणावर हात ठेवून दिलेली शपथ मोगल अधिकाऱ्यांनी मोडली, चमकौरच्या लढाईत गुरूंचे दोन थोरले पुत्र, अजितसिंग आणि जुझारसिंग, धारातीर्थी पडले, तर जोरावरसिंग आणि फतेहसिंग या दोन धाकट्यांना सरहिंदचा फौजदार वजीरखान याने ठार मारले. त्यानंतर दीना या गावाहून गुरूंनी हे फारसी काव्यरूप पत्र लिहिले आणि भाई दयासिंग व भाई धरमसिंग यांच्या हाती ते दक्षिणेत पाठवले. त्यात शपथभंगाबद्दल बादशहाला सुनावलेले आहे, सर्व उपाय थकल्यावर तलवार हाती घेणे न्याय्य ठरते असे बजावले आहे आणि कांगड या गावी समोरासमोर येऊन बोलण्याचे निमंत्रणही दिले आहे. पत्र पोहोचल्यानंतर औरंगजेबाने लाहोरचा नायब सुभेदार मुनीमखान याला पाठवलेल्या आज्ञेचा सूर, गुरूंना समजावून सन्मानाने आपल्याकडे आणावे, असा होता. गुरूही त्या भेटीसाठी दक्षिणेकडे निघाले आणि राजस्थानातल्या बघौर परिसरात असताना त्यांना बादशहाच्या मृत्यूची बातमी कळली. दोघांची भेट झालीच नाही.

यावरून औरंगजेबाला कोणी दोषमुक्त करतो आहे असा समज होऊ नये. गुरूंचे वडील, नववे गुरू तेगबहादूर, यांचा दिल्लीच्या चांदणी चौकात १६७५ मध्ये झालेला शिरच्छेद त्याच्याच राजवटीतला आहे आणि सरहिंदला दोन कोवळ्या मुलांना मारणारा फौजदारही त्याच्याच सेवेतला होता. हे आरोप सिद्ध असताना त्यात एका अशक्य आरोपाची भर घातली, तर खऱ्या आरोपांचे वजन कमी होते, एवढेच होते.

मग हल्ला कोणी केला? गुरूंच्या दरबारातले कवी सैनापती यांनी काही वर्षांतच लिहिलेल्या वृत्तांतानुसार एक पठाण वारंवार गुरूंच्या भेटीला येऊ लागला, संधी साधून त्याने जमदाडाने (कट्यारीने) वार केला आणि गुरूंनी त्याला तिथल्या तिथे ठार केले. नंतरच्या शीख परंपरेने या हल्ल्यामागे वजीरखानाचा हात असल्याचे सांगितले आहे. नवा बादशहा बहादूरशहा गुरूंशी सलोख्याने वागतो आहे हे पाहून वजीरखानाला स्वतःची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. काही वृत्तांतांत पठाणाच्या वैयक्तिक सुडाची कथा येते, आणि बहादूरशहाच्या छावणीतल्याच कोणाची फूस असावी असा संशय घेणारे अभ्यासकही आहेत. जखम शिवली गेली, पण भक्कम धनुष्य ओढताना ती पुन्हा उसवली आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. हल्ल्यामागच्या हेतूबद्दल मतभेद आहेत, पण त्या मतभेदांत औरंगजेबाला जागा नाही.

मराठ्यांशी हातमिळवणीचा मुद्दा महाराष्ट्रात सर्वाधिक आवडीने पुढे ढकलला जातो. काही आवृत्त्यांत तर शिवछत्रपतींशी गुरूंच्या प्रत्यक्ष भेटीचेही वर्णन असते. महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले, तेव्हा गुरू तेरा वर्षांचे होते आणि पंजाबात होते. संभाजी महाराजांची हत्या १६८९ ची. गुरू गोदावरीकाठी आले त्या १७०८ च्या सालात शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्यास नुकतेच गादीवर बसले होते आणि ताराबाईंशी त्यांचा वारसाहक्काचा संघर्ष चालू होता. बहुधा सहावे गुरू हरगोविंद आणि समर्थ रामदास यांची गढवालातल्या श्रीनगरला भेट झाली, या शीख परंपरेतील कथेचे सांधे निखळून ती या संदेशात भलतीकडेच जोडली गेली असावी.

गुरूंचा खरा हेतू काय होता, हे जाणण्यासाठी तर्काची गरज नाही, कारण त्यांचेच पत्र उपलब्ध आहे. औरंगजेबानंतरच्या वारसायुद्धात त्यांनी शाहजादा मुअज्जम, म्हणजे पुढचा बहादूरशहा, याची बाजू घेतली. जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत तो विजयी झाला आणि जुलैमध्ये आग्र्याला दोघांची भेट झाली. त्यानंतर संवत १७६४ च्या १ कत्तकला, म्हणजे ऑक्टोबर १७०७ मध्ये, धौल येथील संगतीला (शीख समुदायाला) पाठवलेल्या हुकुमनाम्यात, म्हणजे आज्ञापत्रात, गुरू कळवतात की बादशहाशी भेट झाली, मानाचा पोशाख आणि साठ हजारांची जडावाची धुकधुकी (गळ्यातले पदक) मिळाली, इतर कामेही मार्गी लागत आहेत, आपण थोड्याच दिवसांत येत आहोत, आणि आपण कहलूरला पोहोचू तेव्हा सर्व खालशाने (दीक्षित शिखांनी) शस्त्रे बांधून हजर व्हावे. कहलूर म्हणजे आनंदपूर ज्या पहाडी राज्याच्या हद्दीत होते ते राज्य. या एका पत्राने दोन गैरसमज एकदम दूर होतात. गुरूंचे लक्ष पंजाबकडे, आनंदपूरला परतण्याकडे आणि तिथल्या अन्यायाच्या निवारणाकडे होते. दक्षिणेतली नवी आघाडी त्यांच्या मनात असल्याची खूण त्यात कुठेच नाही. दुसरीकडे, याच भेटीचे भांडवल करून गुरूंनी मोगलांची चाकरी पत्करली असे उलट टोकाचे सांगणाऱ्यांनाही हे पत्र उत्तर देते, कारण आपल्या अनुयायांना सशस्त्र जमण्याची आज्ञा चाकरीत असलेला मनुष्य अशी उघडपणे देत नाही. बहादूरशहा आपला भाऊ कामबख्श याच्यावर चालून हैदराबादच्या दिशेने निघाला आणि वाटाघाटी अपुऱ्या राहिल्याने गुरू छावणीबरोबर प्रवास करत राहिले. नांदेडपर्यंतचा प्रवास हा असा घडला.

बंदा बहादूर यांना गुरूपद मिळाले, हे विधान माझ्या मते संदेशातले सर्वांत गंभीर आहे, कारण नांदेडच्या महत्त्वाचा गाभाच त्यामुळे हरवतो. राजौरीत जन्मलेले आणि नांदेडला गोदावरीकाठी मठ करून राहिलेले बैरागी माधोदास इथे गुरूंचे शिष्य झाले, तेच बंदा बहादूर. गुरूंनी त्यांना पाच बाण, निशाण, नगारा, सोबत काही निवडक शीख आणि पंजाबच्या संगतींना उद्देशून हुकुमनामे दिले. ही सेनापतीची नेमणूक होती. बंदा बहादूर यांनी मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत वजीरखानाचा पाडाव करून सरहिंद घेतले, तेव्हाही नाणी पाडली ती गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांच्या नावाने. स्वतःच्या नावाने नव्हे.

गुरूपद दिले गेले ते ग्रंथाला. गुरू नानकांपासून चालत आलेली देहधारी गुरूंची परंपरा दहाव्या गुरूंनी नांदेडला संपवली आणि यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू, असे ठरवून दिले. या निर्णयामुळेच नांदेड हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक झाले. २००८ मध्ये इथे मोठा सोहळा झाला तो याच घटनेच्या तीनशे वर्षांचा, म्हणजे गुरता गद्दीचा होता. गुरुग्रंथसाहिबांचा गुरगद्दी दिवस दिवाळीच्या दिवसांत येतो, तोही याच स्मरणाचा. मराठी माणसाला गुरूंशी आपले नाते शोधायचेच असेल, तर ते याच ठिकाणी, कागदोपत्री आणि अभंग स्वरूपात उभे आहे. ज्या ग्रंथाला गोदावरीकाठी गुरूपद मिळाले, त्यात संत नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि नामदेवांशी ज्याचे नाव जोडलेले आहे ते नरसी गाव नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. शिवाय १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला ज्या पाच जणांनी गुरूंच्या हाकेवर शीर देण्याची तयारी दाखवली, त्या पंजप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे होते. इतके असताना एका न झालेल्या भेटीची कथा रचण्याची गरज कोणाला का पडावी, हे मला कळत नाही.

स्मारकाविषयीचा मुद्दा लवकर मिटतो. जिथे गुरूंवर अंत्यसंस्कार झाले, त्या जागेवरची आजची सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. प्रदेश निजामाचा होता आणि त्याच्या संमतीवाचून हे शक्य नव्हते, एवढाच निजामाचा संबंध सांगता येतो. त्याच सुमारास पंजाबातून हैदराबाद संस्थानात आलेल्या शीख शिपायांचे वंशज पुढे इथेच स्थायिक झाले आणि दखनी शीख म्हणून ओळखले जाऊ लागले. गुरुद्वाऱ्याच्या व्यवस्थापनासाठी १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तोही हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाचा.

राहता राहिली जयंतीची तारीख. गुरूंचा जन्म पाटण्याला संवत १७२३ च्या पौष शुद्ध सप्तमीचा. जुन्या युरोपीय गणनेने तो दिवस २२ डिसेंबर १६६६ येतो आणि आजच्या गणनेने १ जानेवारी १६६७. शिखांच्या २००३ च्या नानकशाही पंचांगाने तो ५ जानेवारीला कायम केला होता. परंतु २०१० च्या सुधारणेनंतर शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती हे पर्व पुन्हा तिथीने पाळते. मूळ नानकशाही पंचांग मानणारे आजही ५ जानेवारीलाच ते पाळतात, म्हणजे हा मतभेद शीख समाजातला, उघड आणि जुना आहे. त्यात कोणाचे कारस्थान नाही. आपली रामनवमी जशी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, तशीच पौष शुद्ध सप्तमीही सरकते, आणि घरच्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेतही ती सहज सापडते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने कधी ती एकाच इंग्रजी वर्षात दोनदाही येते: २०१७ मध्ये ५ जानेवारीला आणि २५ डिसेंबरला आली, तर २०२५ मध्ये ६ जानेवारीला आणि २७ डिसेंबरला.