केरळातल्या अलेप्पी–कोची बोट सहलीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

जानेवारीतल्या सहलीला तुम्ही एक स्टार दिला. बोट मधेच 2 तास बंद पडली, साडेपाचलाच नांगर टाकला आणि 'हाऊसबोटने कोची बंदरापर्यंत' सांगून वाटेतच वैकम गावी लहान बोटीत बसवलं, या तुमच्या तक्रारी.

शेवटच्या तक्रारीत चूक सरळ आमची. हाऊसबोटचा तळ सपाट आणि छप्पर उंच, त्यामुळे ती वारा धरते. बंदराजवळ भरती-ओहोटीची ओढ आणि मोठ्या जहाजांच्या लाटा असतात, म्हणून पुढे लहान डिझेल बोट घेतो. हे नागपूरच्या सीताबर्डीतल्या ऑफिसात बुकिंग घेतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. जाहिरातीतली ती ओळ काढली आहे, भाड्यातला फरक परत करतो.

बोट बंद पडली ती जलपर्णी या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीमुळे, आपल्या अंबाझरी तलावात दिसते तीच. अलेप्पीजवळच्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. खारं पाणी आत येऊ नये म्हणून वाटेतल्या तन्नीरमुक्कम बंधाऱ्याचे दरवाजे साधारण डिसेंबर ते मार्च बंद असतात. पाणी गोडं राहिलं की जलपर्णी माजते. तिचे देठ बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याला गुंडाळतात, ते कोयत्याने कापता येतात. खरा घोटाळा मुळ्यांचा: त्या इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकतात, पंप कोरडा फिरतो आणि आतला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) फाटतो. धुराड्यातून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की लगेच इंजिन बंद करून, वॉल्व्ह फिरवून जाळी धुवायची; 20 मिनिटांचं काम. त्या दिवशी धारेकडे वेळेत लक्ष गेलं नाही, आणि जास्तीचा इम्पेलर बोटीवर नव्हता. तो काठावरून येईपर्यंत तुम्ही लहान मुलांना घेऊन उन्हात थांबलात, याचं फार वाईट वाटतं. आता जास्तीचे 2 इम्पेलर आणि गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बोटीवर आहेत का, हे पाहिल्याशिवाय आम्ही बोट घेत नाही.

साडेपाचची वेळ मात्र बदलणार नाही. त्यानंतर कोळी जाळी टाकतात. अंधारात बोट गेली तर त्यांची जाळी फाटतात आणि तीच आपल्या पंख्यात अडकतात. सूर्यास्त चालत्या बोटीतून दिसणार नाही, हे आता आधीच सांगतो.

पुन्हा जायचं ठरवलंत तर बंधारा उघडल्यावरची तारीख घ्या. खाऱ्या पाण्यात जलपर्णी मरते, वाट मोकळी मिळते. उकाडा मात्र सोसावा लागेल, आणि तोही खाडीतला, चिकट. नागपूरच्या कोरड्या उन्हासारखा नाही.