दीड लाखाची फोडणी

गिटारचा ॲम्प चालू केल्यावर पहिली वीस मिनिटं सगळं झकास, आणि मग आतून मोहरी तडतडायला लागते. गिटार वाजवत असलो तरी आणि नुसती मांडीवर घेऊन बसलो तरी. पहिल्या दिवशी तर मी खरंच उठून किचनमध्ये बघून आलो, गॅस बंद होता.

आता हा ॲम्प म्हणजे बुटीक ॲम्प. बुटीक म्हणलं की आपल्याला ब्लाउजला लेस लावून देणारं दुकान आठवतं, पण इथे अर्थ असा की अमेरिकेत कुणी एक गृहस्थ गॅरेजमध्ये बसून एकेक वायर हाताने सोल्डर करतो, वर्षाला मोजके पीस काढतो आणि आपण त्याला कंपनीच्या मालाच्या तिप्पट पैसे द्यायचे. मी सेकंडहँड घेतला तरी दीड लाख गेले. घरी पंचेचाळीस हजार सांगितलंय. बायको माझं लिखाण वाचत नाही म्हणून इथे बिनधास्त लिहितोय.

बनवणाऱ्याला मेल केला तर म्हणाला, पाठवून द्या, बघतो. चौदा किलोचं धूड! जाऊन-येऊन भाड्यातच अजून एक गिटार आली असती. शेवटी नारायण पेठेतल्या एका काकांना गाठलं. वय शहात्तर, उभा जन्म व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे, माझ्या ॲम्पमध्येही त्याच असतात) रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, म्हणजे पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायला लागायचं त्या काळापासून. काका आले ते एका लाकडी फळीवर होल्डर आणि प्लग ठोकलेला सिरीज बोर्ड घेऊन. म्हणाले, शंभरचा बल्ब आण, जुना, तारेचा. घरात सगळे एलईडी, ते इथे कुचकामी, कारण साधा बल्ब ॲम्पच्या सिरीजमध्ये लावला की आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगून पेटतो आणि ॲम्प वाचतो. माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलात एक सापडला. लावला, भपकन पेटला आणि लगेच मंद झाला. "शॉर्ट नाही. उघड."

मागची फळी काढली, चासी, म्हणजे सगळं सामान बसवलेली पत्र्याची पेटी, बाहेर ओढली आणि मी सवयीने आत बोट घालायला गेलो तर काकांनी हातावर चापट मारली. प्लग काढला तरी फिल्टरचे कंडेन्सर पोटात तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतात म्हणे, सासरी रुसून बसलेल्या जावयासारखे, त्यांची आधी समजूत काढायला लागते. काकांनी एका जाड रेझिस्टन्सला चिमटे लावून त्यातून कंडेन्सर चासीशी जोडले आणि मीटरवरचा आकडा सावकाश शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघं शांत बसून राहिलो, कुकरची वाफ जायची वाट बघतात तसं.

मग आत बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी अद्भुत दिसेल. दिसलं काय, तर पुठ्ठ्यासारखी एक पट्टी, तिच्यावर ओळीने वीसेक रेझिस्टर, दहा-बारा कंडेन्सर, कापडी आवरणाच्या पिवळ्या वायरी, संपलं. लेकीच्या गणिताच्या वहीत सर्किट काढायला घेतलं. दुसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं की हे आपण कुठेतरी बघितलंय. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचा डिलक्स ॲम्प, 5ई3 मॉडेल, 1955 सालचं! पाच व्हॉल्व्ह, त्यातले दोन 6व्ही6 जातीचे आऊटपुटला, आणि त्यांना सिग्नल वाटून देणारा एका व्हॉल्व्हचा अर्धा भाग, ज्याच्या वर एक छप्पन्न के चा (म्हणजे छप्पन्न हजार ओहमचा) रेझिस्टर आणि खाली एक छप्पन्न के चा. काकांनी ते बघितलं आणि जुना शाळासोबती भेटावा तसे हसले. "मोठा आरा असतो ना लाकूड कापायचा, दोन टोकांना दोन माणसं, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसं हे. रेडिओग्राममध्ये असायचं. यात नवीन काय?"

नवीन एकच होतं. पट्टीच्या एका टोकाला, दुसऱ्या व्हॉल्व्हजवळ, डांबरासारखा काळा कडक गोळा. हे सिक्रेट. कॅलिफोर्नियात डंबल नावाचा एक अवलिया होता, 2022 साली गेला, तो आपलं सर्किट कुणी ढापू नये म्हणून असं इपॉक्सीच्या कडक गोंदाखाली गाडायचा आणि त्याचे ॲम्प लाख डॉलरच्या पुढे विकले गेलेत. आमच्या गृहस्थाने त्याचं बाकी काही घेतलं नाही, गोळा तेवढा घेतला.

आणि तडतड नेमकी तिथूनच येत होती. कसं कळलं सांगतो. व्हॉल्यूम शून्य केला तरी फोडणी चालूच. पहिला व्हॉल्व्ह उपटून काढला तरी चालूच. दुसरा बदलून बघितला, तेच. मग काका म्हणाले, हेअर ड्रायर आण. चालू ॲम्पमध्ये, साडेतीनशे व्होल्टच्या शेजारी, गोळ्यावर गरम हवा सोडायची. अशा वेळी एक हात खिशात ठेवायचा असतो म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. माझ्या बर्म्युड्याला खिसाच नव्हता. काका म्हणाले, कान धर. तर मी एका हाताने स्वतःचा कान धरून, दुसऱ्या हाताने ॲम्पचे केस वाळवत उभा, आणि दारात बायको मोबाईल घेऊन. तो फोटो आता सासरच्या ग्रुपवर आहे. पण वीस मिनिटं लागायची ती मोहरी अर्ध्या मिनिटात तडतडली.

परत बल्ब, परत मीटर, परत शून्य. मग सोल्डरिंगच्या टोकाने गोळा मऊ करायचा आणि दाभणाने खरवडायचा, असं दोन तास, घरभर असा वास की शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं. आणि सिक्रेट काय निघालं? शंभर के चा रेझिस्टर. एक! जुन्या पद्धतीचा, तपकिरी, कार्बनचा, ज्याला ही मंडळी 'विंटेज टोन' म्हणतात. मीटरवर तो एकशे अडतीस दाखवत होता. या कार्बनच्या रेझिस्टरला हवेतला ओलावा पिऊन फुगायची सवय असते, त्यात व्होल्टेज अंगावर घेऊन तापला की कुरकुरतो. याने आमच्याकडचे दोन पावसाळे काढले होते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार एक रेझिस्टर द्यायला तयार नाही, पाकीटच घ्या म्हणाला, शंभर नग. आता माझ्याकडे नव्व्याण्णव सिक्रेट शिल्लक आहेत.

नवा लावला, तासभर वाजवला, फोडणी गायब. पण खरवडलेली जागा उघडी दिसायला लागली, उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईकाला दाखवायला सिक्रेटच नाही म्हणजे पंचाईत. बाथरूमच्या नळाला लावून उरलेलं एम-सील होतं, ते मळलं, थापलं, करडं दिसत होतं म्हणून वाळल्यावर मार्करने काळं केलं. काकांनी चष्मा वर करून बघितलं, खूष झाले. चहाचा कप घेऊन बायको तिथेच उभी होती.

"फर्स्टक्लास," काका म्हणाले, "आता विकशील तेव्हा दीडाचे दोन सांग."

"दीड काय, काका?" बायको म्हणाली.