मर्सरला ५२-७ हरवलं की शेड्यूल अवघड होतं का?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरून आज पुन्हा तोच तक्ता फिरतोय. २०२४च्या अलाबामाच्या आणि इंडियानाच्या प्रतिस्पर्ध्यांची जिंकण्याची टक्केवारी शेजारीशेजारी, आणि खाली ‘अलाबामाचंच शेड्यूल अवघड, विषय संपला’. अरे, कसला संपला?

टक्केवारी काढताना त्या संघाविरुद्धचा सामना तरी वजा करा! इंडियाना ११-१, म्हणजे अकरा विजय, एक हार. म्हणजे अकरा प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यातली एकेक हार इंडियानानंच घातलेली. जितकं जास्त जिंकाल तितकं शेड्यूल सोपं दिसणार. तीनदा हरलेल्या अलाबामाला मात्र याच हिशोबात तीन विजयांचं बक्षीस.

दुसरं, कॉन्फरन्स म्हणजे संघांचा गट, आणि त्यातल्या आपसातल्या सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. बेरीज कायम निम्मी. टक्केवारी फुगते ती बाहेरच्या सामन्यांत. तेव्हा इंडियानाच्या बिग टेन कॉन्फरन्समधला प्रत्येक संघ आपसात नऊ सामने खेळायचा, अलाबामाच्या एसईसीतला आठच. एसईसीचे संघ १६. नववा सामना ठेवला असता तर कॉन्फरन्सच्या खात्यात आठ हारी हमखास वाढल्या असत्या. त्याऐवजी अलाबामानं ऐन नोव्हेंबरात मर्सरसारखा एफसीएसचा (खालच्या स्तरातला) संघ घरी बोलवायचा आणि ५२-७नं लोळवायचा. एवढी विश्रांती घेऊनही पुढच्याच आठवड्यात ओक्लाहोमाकडून ३-२४!

हो, इंडियानानंही वेस्टर्न इलिनॉयला ७७-३ धुतलं, आणि ओहायो स्टेटपुढे १५-३८ असं पानिपत झालं. मान्य. अलाबामानं जॉर्जियाला हरवलं, तेही मान्य.

असो, चिडून काय होणार. वही घ्या. क्रमवारीत पहिल्या दहा-बारांत बसेल असा एक काल्पनिक संघ धरा. प्रत्येक सामन्यात तो जिंकण्याची शक्यता लिहा, परक्या मैदानावर थोडी कमी. सरासरी प्रतिस्पर्धी काढू नका, तिथेच फसगत होते: एक बलाढ्य (०.५०) आणि एक लिंबूटिंबू (०.९८) मिळून अपेक्षित हारी ०.५२, पण दोन मध्यम (०.८०) मिळून ०.४०. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी सारखी निघाली तरी अवघडपणा वेगळा. सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित विजय. ती प्रत्यक्ष विजयांतून वजा करा.

आता मर्सर बघा. शक्यता ०.९९ धरली, तर जिंकून कमावलं फक्त ०.०१. वँडरबिल्टकडे जाऊन ३५-४० हरलात, तिथे ०.८५ धरलं तर तेवढं सगळं गेलं. असले किती मर्सर लोळवले म्हणजे ते भरून निघेल, तक्ता फिरवणाऱ्यांनी मोजून सांगावं.