नळवाल्यानं पाईप बदलला आणि अर्थिंग गेलं

गेल्या आठवड्यात मिरजेतून जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला. "दादा, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. आई म्हणते तिला वयामुळं येत असतील, पण आता मलाही यायला लागल्या."

मी म्हटलं, आधी गिझरचा प्लग काढा. नुसतं बटन बंद करू नका, प्लगच काढा. आणि मी येईपर्यंत त्या बाथरूममध्ये कुणी पाय ठेवायचा नाही. (बटन का नको? जुन्या वायरिंगमध्ये कितीतरी ठिकाणी बटन फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर नसतं, न्यूट्रलवर, म्हणजे परत नेणाऱ्या वायरवर असतं. बटन बंद, पण आत फेज तसाच.)

बाथरूम मागच्या दिवाळीत नवं केलेलं. छतापर्यंत टाइल्स, भिंतीत दडवलेला गरम-गार पाण्याचा मिक्सर, हॉटेलात असतो तसला शॉवर. गिझर मात्र जुनाच, पंधरा लिटरचा. सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला. माझा टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डर, दोन वायरी आणि 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब. फेज-न्यूट्रलवर झक्क पेटला. फेज आणि अर्थ धरला तर अंधार, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारं अर्थिंगच नाही. सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला हिरवी वायर जोडलेली होती, पण ती पुढं जात कुठं होती?

शोधायला अर्धा तास गेला. माळ्याच्या मागं ती वायर लोंबत होती, टोकाला गंजलेला क्लॅम्प. घर चाळीसेक वर्षांचं. त्या काळच्या वायरमननं गिझरचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाईपला बांधलं होतं. तेव्हा हे सर्रास चालायचं. जीआय पाईप जमिनीत गेलेला असायचा, त्यामुळं काम भागायचं. दिवाळीत नळवाल्यानं तो पाईप काढून सीपीव्हीसी टाकला. निर्णय शंभर टक्के बरोबर, कारण जुना पाईप आतून गंजून पेन्सिल जाईल एवढाच उरला होता. काम पण नीट केलं होतं, एक जॉइंट गळत नव्हता. पण सीपीव्हीसी म्हणजे प्लॅस्टिक. लोखंड गेलं आणि त्याच्याबरोबर घराचं अर्थिंगही गेलं. नळवाल्याला दिसली एक मळकट हिरवी वायर, त्यानं क्लॅम्प काढून बाजूला टाकला. त्याला दोष कसा देऊ? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वायरमनला तर कुणी बोलावलंच नव्हतं, कारण "लाइटचं काहीच काम नव्हतं".

गिझरचा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांडी, उघडला तर त्यावर क्षारांची पुटं. आमच्याकडं बोअरचं पाणी कसं असतं ते सांगली-मिरजेच्या लोकांना सांगायला नको. पुटाखाली एलिमेंटचं आवरण फुटलेलं, करंट थेट टाकीच्या पाण्यात. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. आता त्याला वाट एकच, पाण्यातून नळाला आणि नळाला धरलेल्या माणसातून ओल्या फरशीला.

मी 22 वर्षं ही दोन्ही कामं करतोय. आयटीआय वायरमन ट्रेडचं, नळाचं काम एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. म्हणून हे जरा हक्कानं बोलतो. तुम्ही लाइटचा माणूस वेगळा बोलावता, नळाचा वेगळा, टाइल्सचा तिसरा, आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीनं येऊन जातो. तिघांची गाठ कधीच पडत नाही. भिंत मात्र एकच असते. फोडायच्या आधी सगळ्यांना एका वेळी त्या बाथरूममध्ये पंधरा मिनिटं उभं करा. चहा पाजा. कोण कुठं घाव घालणार ते एकमेकांना सांगू दे. आणि टाइल्स लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून. नंतर आरसा टांगायला ड्रिल मारताना त्या फोटोची किंमत कळते. आजवर किती जणांनी माझं हे ऐकलं? बोटांवर मोजण्याइतक्यांनी.

आता आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. या घरात तो नव्हता. होता कधीतरी, पण "सारखा पडायचा म्हणून आधीच्या वायरमननं काढला". हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो आणि दर वेळी डोकं फिरतं. अहो, तो पडतोय म्हणजे ओरडून सांगतोय की कुठंतरी करंट गळतोय! कुत्रं रात्री भुंकतं म्हणून कुणी कुत्रं हाकलून दार उघडं टाकतं का?

बऱ्याच जणांना वाटतं एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की पडणारा बोर्डातला स्विच, आहे म्हणजे झालं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, तुमच्यासाठी नाही. गिझरची एमसीबी असते 16 अँपिअरची, म्हणजे 16000 मिलीअँपिअर. माणसाचा जीव घ्यायला शंभराच्या आत-बाहेर पुरतात. तुम्ही चिकटून बसाल आणि एमसीबीला पत्ता लागणार नाही. आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सतत ताडून बघतो. घराला 30 मिलीअँपिअरचा बसवतात. तेवढा फरक पडला की क्षणात तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरलेत तर मात्र तोही वाचवणार नाही, कारण त्याच्या हिशेबी सगळं बरोबर आहे. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटन असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर बदला.

विनाकारण पडण्याचं एक कारण असतं ते सांगतो, कारण त्यात वायरमन लोकच चुकतात. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि घराचा न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र गुंडाळलेला असतो. मग जाणारा करंट एका वाटेनं, येणारा दुसऱ्या वाटेनं, आणि आरसीसीबीला वाटतं गळती आहे. ते दोन न्यूट्रल वेगळे करायला वेळ लागतो आणि आरसीसीबी काढून टाकायला पाच मिनिटं. तुम्ही मजुरीत घासाघीस केली असेल तर यातलं काय होईल ते ओळखा.

असाच दुसरा पाच मिनिटांचा इलाज म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडायचा. मुंग्या बंद, गिऱ्हाईक खूश. मग एखाद्या पावसात खांबावर न्यूट्रल सुटतो आणि गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांचा पत्रा 230 व्होल्टवर जातो. कुणी असं करताना दिसला तर त्याला चहा न पाजता घालवा.

गिझरचंच निघालंय म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हबद्दलही सांगतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब पाणी येतं. ते बरोबर आहे. पाणी तापलं की फुगतं आणि त्याला जागा लागते. टाइल्स ओल्या होतात म्हणून तिथं टोपण ठोकलेलं मी स्वतः बघितलंय, तेही इंजिनिअरच्या घरी. अहो, कुकरची शिट्टी बुजवाल का? बारीक नळी लावून जाळीपर्यंत आणा, विषय संपला.

घरच्या घरी काय करावं हे लोक विचारतात. वायसर बदला, शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजत घाला, टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेनं गुंडाळा. उलटा गुंडाळलात तर नळ फिरवताना निघून येतो. अँगल कॉक, म्हणजे नळाच्या मागं भिंतीला असतो तो छोटा कॉक, दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करा, नाहीतर गरजेच्या वेळी तो हलत नाही आणि जोर लावला तर भिंतीतच तुटतो. पाहुण्यांच्या बाथरूमला वास येतो म्हणून बऱ्याच जणांनी फिनाइलच्या बाटल्या संपवल्यात. तिथं नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या वाटीतलं पाणी वाळलेलं असतं, आणि गटाराचा वास अडवायचं काम ते पाणीच करतं. एक तांब्या पाणी ओता. (नहाणी ट्रॅप हा शब्द इंग्रजी इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही तसाच छापलेला असतो. आपल्या नहाणीला तेवढा मान मिळालाय.)

विजेच्या कामात मात्र बल्ब बदलण्यापुढं जाऊ नका. युट्यूब बघून तर नकोच.

आणि घरातल्या प्रत्येकाला मेन स्विच कुठं आहे आणि टाकीचा कॉक कुठला, हे माहीत पाहिजे. घरातल्या एकट्या पुरुषाला नाही, प्रत्येकाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये, महापुरात, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. घर सोडताना मेन पाडून जा हे कितीतरी घरांत सुचलंच नाही. पूर ओसरल्यावर लोक आधी मेन चालू करून बघायचे! सॉकेटमधून गाळ निघत होता तेव्हा. ते दीड-दोन महिने आम्ही बोर्ड उघडायचे, धुवायचे, वाळवायचे, मेगर (वायर कुठं गळते का ते दाखवणारं मीटर) लावायचा, मगच सप्लाय द्यायचा, एवढंच करत होतो.

मिरजेच्या घरी मी मागच्या अंगणात खड्डा घेऊन नवं अर्थिंग केलं, एलिमेंट बदलला, आरसीसीबी बसवला. मालक म्हणाले, "दादा, जरा जास्त होतंय." शॉवरची किंमत मी विचारली नाही. आजींना नळाला हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी आधी पदरात हात गुंडाळला, मग एका बोटाच्या उलट्या बाजूनं शिवल्या, मग अख्खा पंजा ठेवला. काल फोन केला तर मुलगा म्हणाला, अजून रोज आधी उलट्या बोटानंच बघते.